दूध पुरतंय का? आधी लंगोट मोजा

प्रश्न : आमचं बाळ बारा दिवसांचं आहे. जन्मवजन २ किलो ९०० ग्रॅम, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ७००, काल २ किलो ८८०. संध्याकाळी सहा ते दहा ते अंगावरून सुटतच नाही. खाली ठेवलं की रडतं. स्तन पहिल्या आठवड्यासारखे दाटत नाहीत, पंप लावून पाहिला तर जेमतेम २० मिली आलं. घरच्यांचं म्हणणं, दूध पुरत नाही. म्हणून तीन दिवस रात्री ६० मिली पावडरचं दूध देतोय. डाव्या बोंडाला चीरही पडली आहे. काय करू?
– लालबाग

उत्तर : आधी वजनाचा हिशोब करू. पहिल्या चार दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांनी उतरलं. सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं अपेक्षितच असतं. त्यानंतर कालपर्यंतच्या सात दिवसांत ते १८० ग्रॅमने, म्हणजे रोज साधारण २६ ग्रॅमने वाढलं. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर यायला हवं. तुमचं बाळ तिथे पोचल्यातच जमा आहे. दूध पुरत नाही असं हे आकडे तरी सांगत नाहीत.

आता लंगोट मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू आणि तीन-चार वेळा पिवळी, पातळ शी होत असेल, तर पोटात दूध जातंय. स्तन मऊ पडले म्हणजे दूध आटलं असं नाही. पहिल्या आठवड्यातला दाटपणा बराचसा सुजेचा असतो. पुढे बाळाच्या गरजेएवढंच दूध तयार होतं. पंपाच्या बाटलीतही दुधाचं माप कळत नाही, कारण पान्हा बाळाला जसा फुटतो तसा यंत्राला फुटत नाही. संध्याकाळचं चिकटून राहणं बहुतेक बाळं करतात. तेव्हा बाळ थोड्या थोड्या वेळाने पितं आणि त्यातूनच पुढचं दूध वाढतं.

रात्रीच्या पावडरची मात्र काळजी वाटते. दूध बनतं ते स्तन रिकामा होण्याच्या प्रमाणात. भरलेला स्तन ‘आता थांब’ असा संदेश देतो. बाटली पिऊन बाळ चार-पाच तास झोपलं की तेवढा वेळ स्तन भरून राहतो, आणि दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन तर रात्रीच जास्त असतं. मग दूध खरंच कमी होतं, म्हणून बाटली वाढते, आणि घरच्यांची भीती खरी ठरते. पावडर एकदम बंद करू नका. आधी दोन्ही बाजूंना पाजा. मग ६० चे ४० मिली द्या, दोन-तीन दिवसांनी २०, मग बंद. तेही बाटलीने नको, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. आठवड्याने त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करा. या काळात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं झालंच पाहिजे, रात्रीचंही धरून.

डाव्या बोंडाची चीर सांगते की त्या बाजूला बाळ नुसतं बोंड पकडतंय. पाजून झाल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं दिसत असेल तर हेच कारण. उशी घेऊन टेकून बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, बोंड वरच्या ओठाला टेकवा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. ही वाट पाहणंच बहुतेकींकडून होत नाही. तोंड उघडलं की मानेखाली-खांद्यांवर हात ठेवून बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाच्या तोंडात कोंबू नका. डोक्यामागे दाबू नका. कात्रीसारख्या दोन बोटांत स्तन धरू नका, बोटं काळ्या भागावर येतात आणि बाळाला पकड मिळत नाही. पकड बरोबर असली की हनुवटी स्तनात रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, गाल गोल राहतात आणि काळा भाग खालच्यापेक्षा वर जास्त दिसतो. दोन-तीन चोखण्यांमागे एक गिळल्याचा आवाज येतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात सारून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका. चिरेवर शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू द्या, साबण नको. पकड सुधारूनही आठवड्यात चीर भरली नाही, तर बाळाची जीभ बांधलेली आहे का हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.

बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, शू विटकरी रंगाची असेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइट झाला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : ऑक्टोबरचा उकाडा सोसवत नाही. बाळाला चमचाभर पाणी, मध आणि बाळगुटी चालेल का? – गिरगाव

उत्तर : तिन्ही नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. उकाड्यात जास्त वेळा पाजा. पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध मागे पडतं. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटीतलं जायफळ-वेखंड सहाणेवर किती उगाळलं गेलं याला माप नसतं, आणि गुंगीत झोपलेलं बाळ कमी पितं. आजींचा हात थांबवणं अवघड जातं, हे कळतं. त्यांच्याकडे ढेकर काढण्याचं आणि दुपट्यात घेऊन फिरवण्याचं काम सोपवा. रोज द्यायचं ते फक्त ड जीवनसत्त्व, ४०० युनिट. बाटलीवर १ मिलीत ४०० लिहिलंय की ८०० ते वाचा. ८०० असेल तर अर्धा मिली.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं होताना मी कामावर रुजू होणार. डोंबिवली ते लोअर परळ, घराबाहेर अकरा तास. दूध काढून कसं ठेवू? – डोंबिवली

उत्तर : दर तासाला २५ ते ३० मिली धरा, म्हणजे दिवसाला साधारण ३०० मिली. तीन आठवडे आधीपासून सकाळच्या पाजण्यानंतर काढायला लागा. ६० ते ९० मिलीचे डबे भरा, तारीख घाला. मोठा डबा भरला की उरलेलं फेकावं लागतं. तोंड लागलेलं दूध दोन तासांनंतर चालत नाही.

बाहेर चार तास टिकतं हा नियम २५ अंशांपर्यंतचा आहे. आपल्याकडे मे-ऑक्टोबरात खोलीही तिसाच्या वर असते, म्हणून दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला ठेवा. दारात नको, तिथे सतत उघडझाप होते. आतल्या बाजूला दूध चार दिवस राहतं. लोकलच्या प्रवासात बर्फाचे पॅक भरलेल्या इन्सुलेटेड पिशवीत चोवीस तासांपर्यंत चालतं. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करा. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्ह नको, मध्येच कढत राहून तोंड भाजतं. वर आलेली साय हलक्या हाताने ढवळून मिसळते, नासली असं समजू नका.

पंप नसला तरी हाताने छान निघतं. हात धुवा, अंगठा आणि तर्जनी बोंडापासून २-३ सेंटिमीटर मागे समोरासमोर ठेवा. आधी छातीच्या दिशेने दाबा, मग बोटं जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरू देऊ नका. बाजू बदलत वीस-तीस मिनिटं लागतात.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीशिवाय पाजण्यासाठी कामाच्या वेळात आणखी दोनदा सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही द्यावं लागतं. मागणी लेखी करा. दूध काढायला बंद दाराची जागा मागा, स्वच्छतागृह नको.

प्रश्न : माझं दूध उरतं. सोसायटीतल्या दुसऱ्या बाळाला देऊ का? – मुलुंड

उत्तर : थेट देऊ नका. काही संसर्ग दुधातून जातात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. पेढीत दात्या आईच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून मगच कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना दिलं जातं. देण्याआधी पेढीत विचारून डबे आणि थंड ठेवण्याची पद्धत समजून घ्या. दूध मात्र तुमच्या बाळाचं पोट भरल्यावरच काढा.