आधी लेखी घे

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझे खासदार साहेब म्हणाले, प्रश्नबिश्न राहू दे, व्हिडिओ काढ. त्यात तू त्यांच्यासाठी मोठ्या उमेदीने लिहिलेला लोकसभेचा प्रश्न नामंजूर झाला. म्हणून दिल्ली सोडून गावी यायचं म्हणतोस. ये की, घर तुझंच आहे. पण प्रश्न का नाकारला, ते आधी समजून घे.

तू विचारलंस, कुडाळ तालुक्यातल्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर कधी बदलणार? अरे, वितरण महावितरणचं आणि महावितरण राज्याचं. हा प्रश्न विधानसभेतला. लोकसभेत केंद्राच्या अखत्यारीतलंच विचारायचं. २०२१ साली केंद्राने वितरण सुधारणेसाठी आरडीएसएस योजना आणली. तिच्यातून सिंधुदुर्गात किती कामं मंजूर झाली, किती निधी सुटला, किती कामं पुरी झाली आणि उरलेली कधी होणार? तीन आकडे, एक तारीख. आणि तारांकितचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नाचा, हट्ट सोड. दिवसाला २० तारांकित लागतात, त्यातल्या मोजक्यांचीच तोंडी पाळी येते. अतारांकित २३० असतात, त्यांचं उत्तर लेखीच मिळतं. आपल्याला लेखीच हवं. मंत्र्याने 'विचाराधीन आहे' एवढं जरी लिहिलं, तरी ते आश्वासन धरलं जाऊ शकतं. मग तीन महिन्यांत ते पुरं करा नाही तर मुदत वाढवून मागा, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी सभागृहाची आश्वासन समिती मागे आहेच. मंत्र्याच्या दालनात चहा पिऊन आलेल्या 'बघतो हां'च्या मागे कुठली समिती लागते, सांग बघू?

याने मतं मिळतात का, म्हणतोस. नाही मिळत. आपल्या जुन्या राजापूर मतदारसंघाने प्रा. मधू दंडवत्यांना १९७१ पासून पाच वेळा निवडून दिलं आणि १९९१ ला पाडलं. ज्या कोकण रेल्वेसाठी ते झटले, तिचं महामंडळ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं. गाडी सगळ्या मार्गावर धावली ती १९९८ साली. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आणला, पण तो बाकीच्या देशाच्या पाठीला लागला. आमचा माणूस तेव्हा एसटीतच हाडं खिळखिळी करून घेत होता!

पुढे त्याच राजापूरचे सुरेश प्रभू ऊर्जामंत्री झाले. त्यांच्या काळात २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, नवं वीज विधेयक सभागृहात आलं. मग मंत्रिपद गेलं, खातं शेजारच्या रत्नागिरीच्या अनंत गीत्यांकडे आलं आणि २००३ मध्ये विधेयकाचा कायदा झाला. त्याचं कलम ४३ पाठ कर. नवी वाहिनी टाकायची नसेल तर अर्जापासून महिन्याभरात जोडणी, नाही तर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. २००९ ला प्रभूही हरले. कलम ४३ चा बॅनर मी तरी एकाही नाक्यावर पाहिला नाही.

पण त्याच कलमाचा आधार देऊन मी लोकांचे अर्ज लिहीत आलो, पोच घेत आलो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, मग साहेब जेवायला जावोत की रजेवर. लोक म्हणतात, याला साधं जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं नाही, आयुष्य कागदात घालवलं. घालवलं! माझ्या बरोबरीचे तिकीटवाले आज कुठे आहेत विचार. माझे अर्ज आवक-जावक नोंदवहीत आहेत. हे मी स्वतःची समजूत काढायला म्हणतो, असं तुझी काकू म्हणते. म्हणू दे. तिच्या माहेरचं मीटरही त्याच अर्जाने आलं.

साहेबांवर चिडू नकोस. पाच वर्षांनी त्यांना दारोदार जायचं आहे, तुला नाही. व्हिडिओ हवा ना त्यांना? काढ, पण लेखी उत्तर हातात देऊन काढ. उत्तर नसेल तर कॅमेराही नको, एवढं त्यांना सांगायची हिंमत तुझ्यात असली पाहिजे. नसेल तर मात्र खरंच परत ये.

तिकडे उकडा तांदूळ मिळत नाही म्हणालास, पाच किलो पाठवतोय. प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे मसुदा या आठवड्यातच मला पाठव. १५० शब्दांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि 'कधी' विचारायला विसरू नकोस.

तुझा,
काका