खरी ३-सीरीज कोणती?

प्रश्न : बीएमडब्ल्यू ३-सीरीजचे चाहते ई३० आणि ई४६ (ही कंपनीची पिढ्यांची सांकेतिक नावं) यांच्याशिवाय इतर कोणत्याही पिढीचं नाव घेत नाहीत. नवी गाडी फार मोठी झाली, ती मजा गेली, असं म्हणतात. सात पिढ्यांमध्ये नेमकं बदललं काय? तुमच्या मते सगळ्यात महत्त्वाची पिढी कोणती? आणि जुनी घ्यायची झाली तर काय बघू?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ई३६, म्हणजे तिसरी पिढी.

चाहत्यांना हे पटत नाही, पण मी गाडी नेहमी खालून बघत आलोय. १९७५ची ई२१ आणि १९८२ची ई३० वरून कितीही वेगळ्या दिसल्या, तरी दोघींची मागची चाकं एकाच जातीच्या तिरक्या ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या तिरक्या दांड्यावर होती. चाक वर-खाली झालं की त्याचा कोनही बदलायचा. वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची बाजू उचलली जाते, चाकांचे कोन फिरतात आणि पकड सुटू लागते. रस्ता ओला असेल तर गाडीचा मागचा भाग बाजूला निघालाय हे आधी कमरेला कळतं, स्टिअरिंगला नंतर. कसलेल्या चालकाला यात आनंद मिळतो, मलाही मिळालाय. पण घरच्या माणसांना घेऊन पावसात निघालेल्या चालकाला तो नको असतो.

१९९०च्या ई३६ला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन मिळालं. आधी ते झेड१ या छोट्या, उघड्या छताच्या रोडस्टरमध्ये आलं होतं. चाक आता बऱ्याच दांड्यांनी धरलेलं, त्यामुळे वजन सरकलं तरी ते भरकटत नाही. गंमत म्हणजे १९९४मध्ये याच पिढीची ‘कॉम्पॅक्ट’ ही तीन दारांची गाडी आली, तिच्या मागे मात्र ई३०चीच जुनी रचना ठेवली होती. एकाच पिढीतल्या या दोन गाड्या पाठोपाठ चालवायला मिळाल्या, तर माझं म्हणणं पटवायला आणखी काही लागणार नाही.

ई३०चं श्रेय वेगळं आहे. दोन दारांच्या गाडीचं कुटुंब तिने केलं : चार दारं, टूरिंग (स्टेशन वॅगन), फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल आणि १९८६ची पहिली एम३, म्हणजे शर्यतीच्या वळणाची वेगवान आवृत्ती.

१९९८च्या ई४६ने ई३६चंच काम आणखी घोटून, नीटस करून दिलं. २००५च्या ई९०मध्ये चालकाकडे वळलेला डॅशबोर्ड सरळ केला, तो मला आजही खटकतो. ई२१पासूनची ओळख होती ती. तिची इंजिनं मात्र जबरदस्त. २००६च्या ३३५आयमधलं ट्विन-टर्बो सहा सिलिंडरचं इंजिन चालवलं की तक्रारी विसरायला होतात.

चाहत्यांचं मला पूर्ण पटतं ते ई९०नंतरच्या एफ३०बद्दल. तिथे स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं आणि पुढच्या चाकांखालचा रस्ता हाताला लागेनासा झाला. २०१८ची जी२० त्या बाबतीत बरीच सावरली आहे.

आता आकार. ई३० ४,३२५ मिलिमीटर लांब होती, जी२० ४,७०९. म्हणजे ती १९८८च्या ५-सीरीजच्या जवळपास बरोबरीला आली. अपघातात चुरगळून धक्का झेलणारा पुढचा भाग हवा, मागच्या सीटवर मोठ्या माणसांचे गुडघे मावायला हवेत, याला जागा लागतेच. शिवाय २००४मध्ये १-सीरीज आली आणि छोट्या गाडीची जागा तिने घेतली. त्यामुळे वाढलेल्या आकारावर मी रागावत नाही.

जुनी घ्यायचीच असेल आणि मन ई४६वर असेल, तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट, बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे, तिथला पत्रा चिरण्याची या पिढीची प्रवृत्ती आहे. खालच्या बाजूला अंडरकोटिंगचा (गंजरोधक लेपाचा) ताजा थर दिसला तर त्याखाली चीर लपलेली असू शकते, तो खरवडून बघू द्या म्हणावं. मालक नाही म्हणाला, तर दुसरी गाडी शोधा.