रोज तोच सिनेमा, रोज त्याच गाड्या

‘मॅडम, सहा महिने झाले, पोरगा एकच सिनेमा बघतोय. ऑटिझम तर नसेल ना?’ मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे नेहमीचा झालाय, सिनेमा तेवढा बदलतो. एका घरी ‘फ्रोझन’मधली एल्सा होती आणि मुलगी तो निळा झगा धुवायलाही काढू देत नव्हती. नाशिकच्या या घरात ‘कार्स’ होता.

मुलाला आपण ईशान म्हणू. वय साडेचार, ज्युनिअर केजी. ‘कार्स’ हा बोलणाऱ्या गाड्यांचा, पिक्सारचा 2006 चा ॲनिमेशन सिनेमा, म्हणजे ईशानच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. मामाने एकदा लावून दिला आणि तेव्हापासून घरात त्यातल्या नायकाचं, शर्यतीच्या लाल मॅक्वीन गाडीचं राज्य सुरू झालं. जेवताना सिनेमा, झोपताना मुठीत गाडी. धातूच्या छोट्या गाड्या तीसच्या वर जमलेल्या. त्या ओळीने लावायच्या आणि कुणाचा पाय लागून एक जरी सरकली तरी रडून घर डोक्यावर घ्यायचं. बोलता बोलता मध्येच सिनेमातले इंग्रजी संवाद. आईने रात्री मोबाईलवर ‘मूल खेळणी ओळीत लावतं’ असं शोधलं आणि सकाळी मला फोन केला.

आजींचं निदान सरळ होतं. ‘लाडाने झालंय सगळं. गाड्या उचला आणि देऊन टाका कुणाला तरी. चार दिवस रडेल, मग विसरेल.’ बाबा काही बोलले नाहीत.

ईशानशी मी लगेच बोलायला गेले नाही. आईला त्याच्या गाड्या पिशवीतून आणायला सांगितल्या होत्या, त्या सतरंजीवर ओतल्या आणि बाजूला बसले. त्याने ओळ लावली. दुरून पाहिलं तर आईने वाचलं होतं अगदी तसंच. जवळून पाहिलं तर ती शर्यतीची सुरुवात होती. पुढे 95 नंबरचा मॅक्वीन, शेजारी 43 नंबरचा निळा ‘किंग’ आणि 86 नंबरचा हिरवा चिक हिक्स, ज्याला ईशान ‘चीटर’ म्हणतो. मी एक गाडी मागितली. त्याने विचार करून चीटर दिला, आवडता कोण देणार! मी चीटरला रस्त्यातच पोटदुखी लावली. ईशानने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि मेटरला, म्हणजे त्या गंजक्या टो-ट्रकला, ओढायला पाठवलं. मग स्वतःच म्हणाला, ‘आता डॉक इंजेक्शन देईल.’ सिनेमात डॉक हा गाड्यांचा डॉक्टर आहे, पण असा प्रसंग नाही. गोष्ट त्याने तिथल्या तिथे पुढे नेली होती, तीही माझ्यासोबत.

मला बघायचं होतं ते हेच. सिनेमा किती वेळा पाहिला, गाड्या किती आहेत, हे आकडे पालक आधी सांगतात. मी बघते की त्या खेळात दुसऱ्या माणसाला जागा आहे का आणि खेळ जागचा हलतो का. ईशान हाक मारली की वळत होता, गंमत झाली की आईला दाखवायला धावत होता, बोटाने खुणा करत होता. त्याचे संवादही नुसते घोकलेले नव्हते. दूध संपवून रिकामा ग्लास उंच धरत तो मॅक्वीनसारखं ‘का-चाव’ ओरडला, तेव्हा ते विजयाचं ‘का-चाव’च होतं.

ऑटिझमचं निदान एकट्या आवडीवरून होत नाही. संवाद आणि माणसांशी देवाणघेवाण यातही अडचण दिसावी लागते. मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, काही दाखवायला येत नसेल, खोटं-खोटं खेळतच नसेल आणि गाडीचं फक्त चाक फिरवत तासन्‌तास बसत असेल, तर थांबू नका. आधी येत असलेले शब्द हरवले असतील तर मुळीच नाही. बालविकासतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणीला पैसे पडत नाहीत. ‘मोठा झाला की बोलेल’ या वाक्याने बऱ्याच मुलांची मोलाची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

ईशानला त्याची गरज नव्हती. अशी आवड किती साधारण आहे, हे आईला पटावं म्हणून मी तिला 2007 चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. जूडी डिलोश आणि सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासात लहान मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांना कशाचं तरी असं जबरदस्त वेड होतं, आणि त्यात मुलगे बरेच जास्त होते.

तरीही आईचा दुसरा प्रश्न आलाच. ‘त्याच्या मनात काही दडलंय का? कशाची भीती बसली असेल?’ मी चौकशी केली. शाळेत विचारलं, घरातल्या दुखण्या-भांडणांबद्दल विचारलं. काही निघालं नाही. प्रत्येक वेडाच्या तळाशी जखम असते ही समजूत आम्हा समुपदेशकांच्याच क्षेत्रातून पसरली असावी. ईशानला सिनेमा आवडत होता, बस. साडेचार वर्षांच्या मुलाला दिवसभरात पुढे काय होणार ते दुसरे ठरवतात. इथे मात्र मॅक्वीन शेवटच्या रेषेपाशी थांबणार, मागे फिरणार आणि आपटलेल्या किंगला ढकलत रेषेपार नेणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. वर, परत परत पाहण्यातून मुलं शिकतातही. लहानांच्या एका कार्यक्रमाचा तोच भाग पाच दिवस दाखवला तेव्हा मुलांची समज वाढत गेली आणि ती पडद्यासमोर अधिक बोलू लागली, असं 1999 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आजी हरिपाठ रोज म्हणतात, त्यांना कुणी विचारत नाही की कंटाळा येत नाही का!

मग काहीच करायचं नाही का? करायचं होतं. सिनेमा जवळजवळ दोन तासांचा, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगते, तोही मोठ्यांच्या सोबतीने. म्हणून शनिवारी अर्धा, रविवारी अर्धा असं ठरलं. कुठे थांबायचं ते ईशाननेच निवडलं. मधेच रिमोट दाबला तर रडणार, प्रसंग संपल्यावर बंद केला तर कुरकुर. जेवताना टीव्ही बंद. पहिला आठवडा वाईट गेला, तिसऱ्यापासून घास घशाखाली उतरू लागले.

उरलेले दिवस सिनेमा जमिनीवर आला. खोक्यांचे बोगदे झाले, फरशीवर खडूने रस्ते झाले. मॅक्वीनने उखडलेला रस्ता त्यालाच दुरुस्त करावा लागतो, म्हणून ईशानने कणीक मळून डांबर केलं, हे आजींना अजून पचलेलं नाही. शाळेत तो 1 ते 20 म्हणत नाही अशी तक्रार होती. घरी 43 मोठा की 86, हे तो झटक्यात सांगायचा.

खरी गाठ गाड्या विकत घेण्याची होती, आणि ती ईशानची नव्हती. बाबांना मी एकटं बोलावलं. अंबडच्या कारखान्यात पाळी, घरी पोचेपर्यंत मुलगा झोपलेला. ‘गाडी दिली की दहा मिनिटं माझ्या मांडीवर असतो, मॅडम.’ खेळण्यांच्या धंद्याला हे बरोबर कळतं. तोच मॅक्वीन नव्या रंगात, नव्या स्टिकरात येत राहतो, संच पूर्ण होतच नाही. रात्री ऑनलाइन शोधत बसायचे ते बाबाच. ईशान खेळायचा पाच-सहा गाड्यांशी. कमी खेळणी समोर असली की मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळतात, असं 2018 च्या एका छोट्या अभ्यासातही आढळलं होतं. ती मुलं ईशानहून लहान होती, पण बाबांना ते घरातच दिसत होतं. सहा गाड्या बाहेर, बाकी कपाटात, दर रविवारी अदलाबदल. नवी गाडी फक्त वाढदिवसाला. आणि सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटं गाडी न आणता जमिनीवर बसायचं. हे शेवटचं बाबांना सगळ्यात जड गेलं. ‘काय बोलू त्याच्याशी?’ मी म्हटलं, तुम्ही चीटर व्हा.

आजींनी जाताना पुन्हा विचारलं, ‘मग देऊन टाकायच्या नाहीत?’ मी म्हटलं, द्या ना, पण त्याला विचारून, आणि कुठली द्यायची ते त्याने ठरवल्यावर. पाठीमागे गायब झालेली गाडी मूल विसरत नाही, उरलेल्यांना अधिक घट्ट धरतं. आजींना ते पटलं असं मला वाटत नाही. पण गाड्या अजून घरातच आहेत.