अणुवीज सुरक्षित आहे का, आणि तिच्या पर्यायांची खरी माहिती कुठे मिळेल?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरी जिल्ह्यातल्या नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पाबद्दल वाचायला घेतलं की एक तर ‘कोकणाचं चेर्नोबिल होणार’ किंवा ‘हे विकासाचे विरोधक’ एवढंच हाती लागतं, मग खरी माहिती शोधायची कुठे?

तटस्थ माणूस शोधत बसू नका. माझं शिक्षण बोईसरला झालं. वर्गातली निम्मी मुलं शेजारच्या तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या कॉलनीतली असायची, त्यामुळे दोन्ही बाजू मी जेवणाच्या डब्याबरोबर ऐकल्या आहेत आणि त्यात तटस्थ कुणीच नव्हतं. म्हणून कुणाला पटवायला लिहिलेले नाहीत, लिहिणं भागच होतं म्हणून लिहिले गेलेत असे कागद वाचा. आणि ‘सुरक्षित आहे का’ हा प्रश्न आधी फोडा, कारण त्यात चार-पाच वेगळे प्रश्न आहेत.

अपघातांपासून सुरुवात करायची तर चेर्नोबिलआधी नरोरा वाचा. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या या केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि एका अणुभट्टीला लागणारी सगळी वीज सुमारे 17 तास गेली. फुकुशिमात त्सुनामीने जे केलं ते इथे आगीने केलं. अणुभट्टी बंद झाली होती, पण बंद भट्टीही तापत राहते. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पोहोचवून ती थंड ठेवली गेली. किरणोत्सार बाहेर गेला नाही. आंतरराष्ट्रीय शून्य ते सात या मापनश्रेणीवर ही घटना तिसऱ्या पातळीची. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या. समर्थक म्हणतील, बघा, निभावलं. विरोधक म्हणतील, थोडक्यात वाचलो. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत.

रोजच्या किरणोत्साराचा प्रश्न वेगळा, आणि खरं तर सोपा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राच्या परिसरातल्या लोकांना मिळणारी मात्रा दिलेली असते. मर्यादा वर्षाला 1 मिलीसीव्हर्टची (हे किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक). निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी 2.4 मिलीसीव्हर्ट मिळतात, हा आकडा शेजारी ठेवून ते तक्ते वाचा.

आता, मंडळावर विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगनेच 2012 च्या अहवालात विचारला होता. मंडळाला पुरेशी स्वायत्तता नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. (त्याच अहवालात देशातली बहुतेक वैद्यकीय क्ष-किरण केंद्रं नोंदणीशिवाय चालत असल्याचंही निघालं. त्यावर मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.) डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला आणि मंडळाला वैधानिक दर्जा दिला. तो प्रत्यक्षात किती उतरतो, ते पाहायचं.

विस्थापनाचं मात्र यातल्या कुठल्याच अहवालात धड सापडणार नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांची कहाणी हवी असेल तर मुंबई उच्च न्यायालयातली प्रकरणं चाळा.

पर्यायांबद्दल वाचताना एकच सवय लावा: मेगावॉट बघून थांबू नका, वर्षाला किती युनिट ते विचारा. 1000 मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण पावणेदोनशे कोटी युनिट देतो; तेवढ्याच क्षमतेची चांगली चालणारी अणुभट्टी सातशे कोटींच्या आसपास. दुसरीकडे सौर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो. संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर सह्याद्रीत आहे: घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प, जिथे मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडून वीज काढतात. कोणत्या स्रोतातून किती वीज आली, याचे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याला प्रसिद्ध करतं. सौर-पवनवर सगळं भागेल असं म्हणणाऱ्याला आणि काहीच भागणार नाही म्हणणाऱ्यालाही ते दाखवा.

जैतापूरचा सगळ्यात कच्चा दुवा मला किरणोत्साराचा वाटत नाही, पैशाचा वाटतो. तिथे ज्या जातीच्या फ्रेंच अणुभट्ट्या यायच्या आहेत, तशीच एक फ्रान्समध्येच फ्लामानव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली. तिची वीज जाळ्यात आली डिसेंबर 2024 मध्ये, आणि खर्च 3.3 अब्ज युरोंवरून 13 अब्जांपुढे गेला. आपल्याला वीज कितीला पडेल, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. अणुवीज महामंडळ सरकारी असल्याने त्यालाही तो लागू होतो. सुरक्षेचं कारण देऊन काही माहिती नाकारतील, पण दराच्या बाबतीत ते कारण सहजी चालायचं नाही.

एवढं सगळं जमणार नसेल तर दोनच गोष्टी वाचा: नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेला जैतापूरचा पर्यावरण आघात अहवाल, आणि त्या परिसरातल्या भूकंपांवर विनोद गौर आणि रॉजर बिल्हॅम या भूकंपतज्ज्ञांनी 2011 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलेला लेख. आधी अहवाल, मग लेख.