एकाचे परतणे, दुसऱ्याचे स्थलांतर

निवृत्तीनंतर मुंबई सोडून साताऱ्यात, तेही थेट जुन्या पेठेत राहायला आलेली जोडपी माझ्याकडे अधूनमधून समुपदेशनासाठी येतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा सारखाच असतो. इथे हवा चांगली आहे, गर्दी नाही, खर्च बेताचा आहे, बाजार पायाखाली आहे, तरीही मन रमत नाही. मग आमचा निर्णय चुकला का आणि आता परत जावे का? या प्रश्नाला ‘होईल सवय’ असे उत्तर आप्तेष्ट देतात, आणि ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु सवय नेमकी कशाची व्हायची आहे, हे न पाहता दिलेला धीर फार काळ पुरत नाही. हा प्रश्न पुढे कसा न्यावा, हे सांगण्यासाठी एका जोडप्याचा अनुभव लिहीत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

बाई ६१ वर्षांच्या. चर्चगेटच्या एका विमा कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली आणि लग्नापासून बिऱ्हाड गोरेगावला. यजमान मूळचे साताऱ्याचे. राजवाड्याच्या मागच्या अंगाला असलेला त्यांचा वडिलोपार्जित वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तीत त्यांच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरची जागा आली आणि बाई निवृत्त झाल्यावर दोनच महिन्यांत सामान हलले. नंतरच्या पावसाळ्यात बाईंची झोप उडाली, जेवण कमी झाले, छातीत भरून आल्यासारखे वाटू लागले. डॉक्टरांनी हृदयालेख, थायरॉइड, रक्तातील साखर, बी-१२ असे सगळे तपासून घेतले. त्यात काही निघाले नाही, तेव्हा त्यांनीच माझ्याकडे पाठवले.

पहिल्या भेटीत बाईंना विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे यजमानांनी दिली. ‘हिला इथे कमी काय आहे, तेच मला कळत नाही’ हे वाक्य ते तीन वेळा बोलले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. मात्र त्या प्रत्येक वेळी बाई हातातल्या पर्सचा बंद सरळ करत राहिल्या. पुढच्या भेटी मी दोघांशी वेगवेगळ्या ठेवल्या.

एकट्या आल्यावर बाई आधी शांततेबद्दल बोलल्या. दुपारी जेवणे झाली की पेठेतली दुकाने अर्धी शटर ओढतात, गल्लीत चिटपाखरू नसते आणि तेवढे तास घर खायला उठते, असे त्या म्हणाल्या. रात्री तर उलटेच होते. गोरेगावला रेल्वेमार्गालगत राहून त्यांना कधी जाग आली नाही. इथे एक कुत्रे भुंकले किंवा शेजारच्या माडीवर कुणी भांडे ठेवले तरी त्या दचकून उठतात. यात नवल काही नाही. सततच्या आवाजाची मेंदूला सवय होते आणि तो त्याकडे लक्ष देणे सोडून देतो, परंतु नीरव पार्श्वभूमीवर उमटणारा एकेक आवाज ठळक ऐकू येतो आणि नव्या जागी तो ओळखीचाही नसतो. हे समजावून सांगितल्यावर, आणि रात्री पंख्याची संथ घरघर चालू ठेवून पाहिल्यावर, त्यांची झोप पुष्कळ सुधारली. मन मात्र सुधारले नाही, म्हणजे दुखणे आवाजाचे नव्हते.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. तिच्यात कसे वाटले हे लिहायचे नव्हते. दिवसभरात कुणाशी बोलणे झाले, ते कशाबद्दल झाले आणि समोरच्याने आपल्याला काय म्हणून हाक मारली, एवढेच नोंदवायचे होते. दोन आठवड्यांनी त्यांनी वही आणली, तेव्हा तिची पाने रिकामी असतील ही माझी अटकळ खरी ठरली नाही. माणसे भरपूर होती. ओट्यावर बसणाऱ्या आजी, दूधवाला, मंडईतली भाजीवाली, देवळात भेटणाऱ्या बायका, सगळ्या आपुलकीने चौकशी करत होत्या. पण जवळजवळ प्रत्येक नोंदीत बाई कुणाच्या तरी सूनबाई होत्या. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी पेठेने त्यांना तीच जागा दिली होती आणि चौकशीही त्याच जागेला शोभणारी होती: आज उपास नाही का, मुलगा गणपतीला का आला नाही, यजमान एकटेच फिरायला कसे गेले.

मुंबईची त्यांची यादी आम्ही नंतर आठवून आठवून लिहिली. लोकलच्या बायकांच्या डब्यात वर्षानुवर्षे शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी, दसऱ्याला डबा सजवताना वर्गणी गोळा करण्याची त्यांच्याकडे असलेली जबाबदारी, दावा अडकला की ‘मॅडमना विचारा’ म्हणणारे सहकारी, इमारतीखालचा वाणी. यातल्या अनेकांना त्यांचे घर कुठे आहे हेही माहीत नव्हते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा सैल, वरवरच्या ओळखींच्या बळाविषयी एक गाजलेला निबंध लिहिला होता. त्यांचा मुद्दा अशा ओळखींतून माणसापर्यंत नवी माहिती कशी पोहोचते, हा होता. मला समुपदेशनात या ओळखींचे आणखी एक मोल दिसते. अशा ओळखी आपल्याकडे फार काही मागत नाहीत, तरी आपण कोण आहोत याची रोज साक्ष देतात. बाईंची ती साक्ष दोन महिन्यांच्या आत बंद झाली होती आणि तिच्या जागी आली होती ती पन्नाशी उलटल्यावर पुन्हा वाट्याला आलेली सुनेची भूमिका. एकटेपणाची तक्रार घेऊन आलेल्या या बाईंभोवती माणसे मुळीच कमी नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. पेठेतल्या माणसांची चौकशी ही आगाऊपणा नाही, आणि महानगरातून आलेल्यांनी तिला तसे समजू नये. भिंतीला भिंत लागून असलेल्या, दार गल्लीत उघडणाऱ्या घरांमध्ये एकमेकांची खबर ठेवणे हीच आजवरची सुरक्षाव्यवस्था होती आणि आजही अडल्यानडल्याला तीच धावून येते. प्रश्न एवढाच आहे की नव्याने आलेल्या माणसाला तिथे स्वतःची ओळख घेऊन प्रवेश मिळतो, की कुणाची तरी ओळख अंगावर चढवून.

यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो अशा प्रत्येक प्रकरणात पहिल्याच भेटीत विचारावा असे माझे मत आहे: इथे यायचे कुणी ठरवले? बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘ठरवले असे नाही, ते ठरलेलेच होते.’ निवृत्तीनंतर साताऱ्याला जायचे हे घरात इतकी वर्षे बोलले जात होते, की त्यांना वेगळे विचारण्याची गरज कुणालाच, खुद्द त्यांनाही, वाटली नव्हती. यजमान आपल्या घरी परतले होते. बाई ६१व्या वर्षी स्थलांतरित झाल्या होत्या. दोघे एकाच गाडीने एकाच दारात उतरले, तरी दोघांचा प्रवास एक नव्हता, आणि ‘हिला कमी काय आहे’ या प्रश्नाचे मूळ तिथे होते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची, त्यांच्या ताणाला गुण देणारी एक श्रेणी प्रसिद्ध केली. तीत निवासस्थान बदलण्याला २० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. ती ढोबळ आहे आणि तिच्यावरून कुणाचे निदान करू नये, परंतु यजमानांना समजावताना मला तिचा उपयोग झाला. त्यांची निवृत्ती चार वर्षांपूर्वीची होती आणि ती पचवायला त्यांना ओळखीचे घर, ओळखीचा रस्ता मिळाला होता. बाईंवर मात्र दोन्ही बदल एकदमच येऊन आदळले होते. हे ऐकून ते म्हणाले, ‘मला वाटत होते, ती माझ्या आईवडिलांच्या घराला नावे ठेवते आहे.’ पुढे त्यांनी हेही सांगितले की आपले शाळासोबती आता पुण्याला किंवा परदेशी आहेत, वाड्याचा चौक राहिलेला नाही आणि ज्या साताऱ्याकडे परतायचे होते ते अर्धेच सापडले. हे त्यांनी बायकोला कधी सांगितले नव्हते. नंतरच्या एकत्र भेटीत सांगितले.

त्यापुढचे काम सावकाशीचे होते. गोरेगावचा फ्लॅट विकण्याची बोलणी चालू होती. ती थांबवून तो ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यावा, असे दोघांनी ठरवले. परतीचा दोर कापला की नव्या जागेकडे मोकळ्या मनाने पाहणे अवघड जाते, म्हणून मी अशा वेळी मालमत्तेचा अंतिम व्यवहार निदान वर्षभर पुढे ढकलण्याचा आग्रह धरते. महिन्यातून एकदा मुंबईला जायचे, तेही मुलाकडे कामासाठी नव्हे तर मैत्रिणींना भेटायला, हे बाईंनी स्वतः ठरवले. दुसरी गोष्ट आपोआप घडली. ओट्यावरच्या आजींच्या मुलाच्या विम्याचा दावा अडकला होता. बाईंनी कागद पाहिले, कोणता दाखला कमी आहे ते सांगितले आणि अर्ज लिहून दिला. आठवड्याभरात आणखी दोघे कागद घेऊन आले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी हे काम चालते, आणि त्या वेळात चहा यजमान करतात.

हे सारे बाईंच्या बाबतीत पुरले, प्रत्येकाच्या बाबतीत पुरेल असे नाही. जागा बदलल्यानंतर येणारी उदासी साधारणपणे काही महिन्यांत ओसरू लागते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडलेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर गावाला आणि शांततेला दोष देत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

बाई अजून तीन महिन्यांतून एकदा येतात. भाडेकराराची मुदत संपत आली तेव्हा फ्लॅटचे काय करायचे, ही चर्चा त्यांच्या घरात पुन्हा झाली, आणि या खेपेस यजमानांनी आधी त्यांना विचारले. बाईंनी विक्रीला नकार दिला, करार आणखी ११ महिने वाढवला आणि त्या साताऱ्यातच राहिल्या आहेत.