रात्री दोनचा ताप सकाळपर्यंत थांबत नाही

केमोथेरपी चालू असलेल्या मुलांच्या आयसीयूविषयी जी पत्रं येतात, त्यांत गोंधळ बहुधा एकच असतो: निघायचं कधी? म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलगी पाच वर्षांची, रक्ताचा कर्करोग. केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री दोनला १०१ ताप आला. पॅरासिटामॉलने उतरला, खेळायलाही लागली. सकाळी दाखवलं तर चालेल ना?

नाही. रात्री दोनलाच निघायचं.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. शेवटचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, काढून बघा. एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) २० टक्के असतील, तर न्यूट्रोफिल झाल्या २४०. हा आकडा ५००च्या खाली गेला की जंतूंना अडवणारं जवळपास कोणी उरत नाही. पू धरायला, घसा लालबुंद व्हायलाही याच पेशी लागतात. त्यामुळे ‘बाकी काही दिसत नाही’ यावर विसंबू नका. ताप ही बऱ्याचदा एकमेव खूण असते आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकतं. जंतू जागच्या जागी राहतात. डेक्सा किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड चालू असेल तर कधी ताप येतच नाही, मूल नुसतं मलूल पडतं.

हे जंतू पुष्कळदा मुलाच्या स्वतःच्या आतड्यातूनच रक्तात उतरतात. क्लेबसिएला, स्यूडोमोनससारखे असले तर शॉकपर्यंत, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्यापर्यंत, जायला काही तास पुरतात. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या बराच वेळ आवळून राहतात, त्यामुळे बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं. ‘बीपी नॉर्मल आहे, उद्या या’ हे वाक्य म्हणूनच ऐकवत नाही. बीपीच्या आधी हात बघा. कपाळ तापलेलं पण तळवे गार. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ. सहा तासांत लघवी नाही. हाक मारली की डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. यातलं एक जरी दिसलं तरी आयसीयूचीच तयारी ठेवायची.

काखेत १०१ एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की फोन करा आणि निघा. पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) धुतल्यावर हुडहुडी भरली, तर तापाचीही वाट बघू नका. गुदद्वारात थर्मामीटर नको, एनिमा नको. तिथल्या बारीक चिरेतून जंतू आत जातात.

रुग्णालयाच्या दारापासून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसपर्यंत जास्तीत जास्त ६० मिनिटं. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी), लगेच शिरेतून औषध. बहुधा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम. निवड तिथले डॉक्टर करतील. सीबीसीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. कर्करोग रुग्णालय चार तासांवर असेल तर थेट मुंबईची वाट धरू नका. पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणी, तिथून दोन्हीकडच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं, मग १०८. हे सगळं लिहिलेलं पत्र तुमच्या केमोच्या डॉक्टरांकडून आजच मागून घ्या आणि फाइलला सर्वांत वर लावा.

प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस द्यावा का?

नाही. त्यात कच्चा रस म्हणजे जंतूंना आयतं आमंत्रण.

नातवाला व्हेंटिलेटर लावला. आता मशीनच श्वास घेतंय, म्हणजे सगळं संपलं, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांना आजाराची माहिती नाही. व्हेंटिलेटर कर्करोग बरा करत नाही, न्यूमोनियाही नाही. औषध लागू पडेपर्यंत आणि पेशी परत येईपर्यंत तो फुप्फुसांना वेळ मिळवून देतो. आधी नाकातल्या नळीने दमट, गरम ऑक्सिजन जोराने देतात, दर किलोला मिनिटाला साधारण दोन लिटर. तेवढ्याने भागलं नाही की घशातून नळी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पांढऱ्या पेशींचा काउंट वर येऊ लागला की फुप्फुसाची सूज एखाद-दोन दिवस वाढूही शकते. राउंडला रोज तीनच गोष्टी विचारा. ऑक्सिजन किती टक्के लागतोय? बीपी टिकवायचं औषध वाढलं की कमी झालं? लघवी किती झाली? कालच्या आकड्यांशी ताडून बघा आणि पुढचं आयसीयूच्या व केमोच्या डॉक्टरांना एकत्र बसवून विचारा.

वडिलांचंच रक्त चढवलं तर चांगलं ना?

उलट. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पेशी मुलाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात, आणि ते जिवावर बेततं. कोणाचंही रक्त असो, ते इरॅडिएट करून (किरणांनी त्यातल्या या पेशी निकामी करून) हवं का, ते डॉक्टरांना विचारा. वडिलांनी रक्तपेढीत बदली रक्त जरूर द्यावं. प्लेटलेटची पिशवी आणताना बर्फाच्या डब्यात ठेवू नका. तिला २० ते २४ अंश लागतात.

मानेला गाठी, खोकला, धाप. गावात दमा म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तीन दिवस छान वाटलं. मग?

मग छातीचा एक्स-रे आजच, आणि इंजेक्शनची चिठ्ठी सोबत. छातीत लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची) गाठ असेल तर स्टिरॉइडने ती विरघळते. बायोप्सीत निदान पुसट होतं, आणि फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात येऊन किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भरपूर सलाईन, तेही पोटॅशियम नसलेलं, आणि कधी डायलिसिस लागतं. असं मूल उताणं झोपवू नका. गाठ श्वासनळीवर बसते. सीटीसाठी झोपेचं औषध द्यायचं म्हटलं तर आधी भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा.

ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, ओळखीच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर रिकामा आहे.

रिकामा व्हेंटिलेटर म्हणजे मुलांचा आयसीयू नव्हे. मुलांचे अतिदक्षतातज्ज्ञ रात्री हजर असतात का, रात्री प्लेटलेट मिळतात का, मुलांचं डायलिसिस होतं का, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तुमच्या कर्करोग रुग्णालयाला फोन करून मगच गाडी हलवा. जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कळेल, दलालाकडून नव्हे.

पिशवीत काय भरून ठेवू?

फाइल, शेवटचा सीबीसी, केमोची तारीख, चालू औषधांची यादी, रक्तगट, थर्मामीटर आणि ते पत्र.