टिपरचे १३० आणि थारचे १३०

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. घरासाठी एक गाडी घ्यायची आहे, ती कोणती? घर डिचोलीत, कुळागर (पोफळी-नारळाची बाग) सत्तरीत. वडिलांची उमेदीची वर्षं मायनिंगच्या टिपरवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकवर गेली. त्यांना बोलेरो कॅम्पर ही महिंद्राची मालवाहू पिकअप हवी. तुम्हाला रोज ऑफिसला वेर्ण्याला जायचंय आणि मन ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन-लाइन या टर्बो हॅचबॅकवर आहे. धाकट्या भावाला थारशिवाय काही दिसत नाही. "बाबांना आजच्या गाड्या कळत नाहीत," असं तुम्ही लिहिलंय. ते मला पटलेलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टाटाच्या जुन्या ट्रकचं नावच त्याची माहिती सांगायचं. १६१३ म्हणजे मालासकट सुमारे १६ टन वजन आणि १३० अश्वशक्ती. शेवटच्या दोन आकड्यांपुढे शून्य द्यायचं, एवढाच हिशेब. टिपर चालवणाऱ्याला तो तोंडपाठ असे. आता भावाच्या थारचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन बघा: १३० पीएस (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच). आकडा तोच, फरक आहे तो त्या ताकदीच्या वाट्याला आलेल्या वजनात. भरलेल्या टिपरमध्ये टनाला ८ अश्वशक्ती पडते. पावणेदोन टनांच्या थारमध्ये ७५च्या आसपास. एन-लाइनचं १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएसचं आणि गाडी सव्वा टनाच्या आतली, म्हणजे टनाला १००च्या घरात.

टनाला ८ अश्वशक्तीवर चढ काढायचा तर गिअर चढाच्या आधी टाकावा लागतो, इंजिनच्या फेऱ्या पडू देऊन चालत नाही, आणि उतारावर ब्रेक न तापवता इंजिनावर गाडी धरावी लागते. वडिलांना गाडी कळते, आणि चांगली कळते. त्यांच्या लेखी ताकद म्हणजे ओझं हलणं, तुमच्या लेखी गाडी हलणं. भांडण एवढंच आहे, आणि ते वयाचं नाही.

गोव्यात हे पिढ्यांमधलं अंतर जरा जास्त ठळक दिसतं, त्याला कारण आहे. १९६१ पूर्वी इथे परदेशी गाड्या सहज येत, आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षं मर्सिडीजच्या डिझेल गाड्या टॅक्सी म्हणून धावल्या. आजोबांच्या पिढीची चांगल्या गाडीची व्याख्या तिथे ठरली: जाड पत्रा, न थकणारं डिझेल. वडिलांच्या पिढीसमोर फियाट, अँबॅसॅडर आणि प्युजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची महिंद्रा जीप होती. त्या इंजिनात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल पोचलं आणि हवा मिळाली की ते चालणार, आणि बंद पडलं तर साखळीच्या नाक्यावरचा फिटर ते खोलणार. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, १९८५मध्ये जिप्सी. नव्वदीच्या अखेरीस 'स्पोर्ट्स कार' म्हणून सॅन स्टॉर्म आली, तीही ११४९ सीसीच्या रेनो इंजिनावर फायबरची बॉडी चढवलेली. वेगवान गाडीची आवड लागायला ती आधी रस्त्यावर दिसावी लागते.

दुसरं कारण खाणींचं. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चपासून काम पुन्हा थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे घरोघरी कर्जाचे टिपर उभे राहिले. दारात उभी गाडी आणि चालू हप्ता ज्याने पाहिलाय, तो नव्या गाडीकडे बघताना आधी "ही स्वतःचा खर्च काढेल का" हेच विचारणार. त्या प्रश्नाला जुनाट म्हणू नका.

अमेरिकेत याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. एप्रिल १९६४मध्ये फोर्डने मस्टँग आणली ती महायुद्धानंतर जन्मलेल्या तरुणांसाठी, त्यांना परवडेल अशी. तिथे एफ-सीरिजचा पिकअप १९७७पासून सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि कामाचं ते वाहन हळूहळू घरची गाडी झालं. म्हणजे हौसेचं आणि कामाचं वाहन जागा बदलू शकतात. आपल्याकडे थारच्या बाबतीत तेच घडतंय: वडिलांच्या पिढीला जी जीप नाइलाजाने वापरावी लागली, ती मुलांना हौसेने हवी आहे.

आता कामाचं बोलू. तुमचा वेर्ण्याचा रस्ता मयेवरून चोडण आणि रायबंदरच्या फेरीबोटीने जाणारा असेल, तर बसकी गाडी घेण्याआधी एक माप घरीच घ्या. सपाट जागी गाडी उभी करा. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा, मग टायर जमिनीला टेकतो तिथपासून त्या कडेपर्यंतचं आडवं अंतर. समजा उंची २० सेंमी आणि अंतर ८० सेंमी. म्हणजे गाडीचं नाक सुमारे १४ अंशांचा चढ सोसेल. चार माणसं आणि सामान असलं की गाडी सहज ३ सेंमी बसते. मग उरतात १२ अंश. फेरीवर गाडी चढवायची फळी ५ मीटरची धरली आणि ओहोटीला टोकांत १ मीटरचा फरक पडला, तर तो उतार ११-१२ अंशांचा. इथे नाक घासायला वेळ लागत नाही. वर कोणी हौसेने ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर नाकाला १० अंशही उरत नाहीत, ओहोटीच्या वेळी गाडी फेरीवर जाणारच नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "आपण भरतीलाच जाऊ" हे ऑफिसच्या वेळेशी जमत नाही. साधी फेरी असो वा मोठी रो-रो बोट, फळीच्या जोडापाशी ब्रेक दाबू नका. ब्रेकने नाक आणखी खाली जातं. आधीच वेग कमी करा, माणसं उतरवा, आणि जागा असेल तर तिरके चढा.

एन-लाइन आहे त्या स्प्रिंगांवर ठेवली तर सांभाळून हे जमतं. तिची खरी अडचण पावसात आहे. वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारात चढलं की हॅचबॅकने आत शिरूच नये. थारला कंपनीने ६५० मिमी पाण्याची मर्यादा दिली आहे, हॅचबॅकला अशी मर्यादाच दिलेली नसते. हवा ओढणारी नळी बहुधा बॉनेटच्या पुढच्या भागात असते. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून बाहेर काढा. विम्यात इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्या. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही.

कॅम्परबद्दल वडिलांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. हजार किलोच्या आसपास माल, पाच माणसं, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), २.५ लिटरचं सुमारे ७५ अश्वशक्तीचं डिझेल. काजूबियांची ७०-८० किलोंची दहा-बारा पोती किंवा शिडी-पाइप-मोटर एका खेपेत जाते. पण पाटे भरलेल्या गाडीसाठी बसवलेले असतात. रिकाम्या गाडीचा मागचा भाग उड्या मारतो, आणि पहिल्या पावसात तेल-धुळीचा लेप असलेल्या रस्त्यावर वळणावर सुटतो. टिपरची सवय असलेल्याला हे माहीत असतं, घरातल्या बाकीच्यांना नसतं. रिकामी चालवताना मागची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवा (भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतात) आणि पावसाळ्यात हौद्यात, ॲक्सलच्या थोडं पुढे, ८०-१०० किलो वाळूची पोती बांधून ठेवा. अगदी मागे ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात.

कागदपत्रांतही फरक आहे. कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदली जाते. आरसीवर एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतोच: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. विमाही व्यावसायिक. हे टाळायला बरेच जण इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स बघतात, कारण त्या खासगी नोंदणीत मिळतात. गाड्या उत्तम आहेत, पण दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास लांब. चिऱ्यांच्या गडग्यांमधली गावातली काटकोनी वळणं एका दमात होत नाहीत, आणि एवढी लांब गाडी फळीवर पोटाने घासू शकते, नाक कितीही उंच असो. कुळागराची वाट आधी फीत घेऊन मोजा.

भावाच्या थारबद्दल थोडंच लिहितो. तीन दारांची थार माल नेत नाही आणि मागे बसणाऱ्या आजीला पुढची सीट वाकवून चढावं लागतं. फोर-बाय-फोर आणि रिअर-व्हील यांत गल्लत करू नका, १.५ लिटर डिझेलची थार फक्त मागच्या चाकांवर चालते. फोर-बाय-फोर घेतलीच, तर कोरड्या डांबरावर ती दोन चाकांवरच ठेवा. वळताना पुढची-मागची चाकं कमी-जास्त फिरतात, तो फरक सामावणारं डिफरन्शियल मध्ये नसल्याने गिअरांवर ताण येतो, गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) झिजतो. चिखलात टाका, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मातीवर थोडं अंतर चालवून यंत्रणा मोकळी ठेवा. किनाऱ्यावर अजिबात नाही: ते गोव्यात बेकायदा आहे, आणि खारी वाळू चासीच्या आत जाऊन बसते.

हौसेच्या बदलांबाबत तिघांनाही सारखंच सांगतो. मोठे टायर, लोखंडी बुलबार, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. बुलबारवर डिसेंबर २०१७पासून बंदी आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका विम्याचा, अपघातानंतर सर्व्हेअर आधी तेच बघतो.

माझं मत असं. या घराला एकच गाडी पुरणार नाही, आणि तिघांच्या मधली म्हणून थार घेतली तर कुळागराचं काम अडेल आणि वेर्ण्याचा प्रवासही दमवणारा होईल. नव्या एका गाडीच्या पैशांत सेकंडहँड कॅम्पर आणि सेकंडहँड टर्बो हॅचबॅक बघा. हॅचबॅकमध्ये एन-लाइनबरोबर फोक्सवॅगन पोलोची १ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), ११० पीएसची, मॅन्युअल गिअरची, हीदेखील बघण्यासारखी. पोलो २०२२मध्ये बंद झाली, म्हणून आधी सुट्या भागांची चौकशी करा. जुन्या पोलो जीटीचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेणार असाल तर गाडी गरम झाल्यावर १५-२० मिनिटं गर्दीत हळू चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसले तर सोडून द्या.

कॅम्पर मात्र वडिलांनाच निवडू द्या, आणि सोबत लहान हातोडी न्या. मासळीची किंवा किनाऱ्यालगतची गाडी असेल तर चासी आतून खाल्लेली असते आणि वरून ताजा काळा रंग असतो. पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांपाशी), हौद्याच्या कोपऱ्यांत आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांशेजारी चासीवर हलकेच टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर रंगाखाली गंज आहे. मग इंजिन थंड असताना पहिल्याच फेरीत सुरू होतं का, आणि धूर काळा, पांढरा की निळा, हे बघा. त्यांना ते तुमच्याआधी कळेल.